सतरा नंबरचं जांभूळ

दयाराम काशिवारला आधी वाटलं, कुणा पोरानं खोडी केली. जांभळाच्या बुंध्यावर छातीच्या उंचीला पिवळी फुली होती आणि फुलीखाली आकडा, सतरा. त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ती पुसून बघितली. रंग ओला होता. दुपट्ट्याला लागला, हाताला लागला, फुली मात्र जिथल्या तिथं. रोज सकाळी साडेपाचला कोसमी बांधावर आलं की तो आधी या झाडापाशी थांबायचा, बुंध्यावर हात ठेवायचा आणि बायकोला घरची खबर सांगायचा. अंजनाबाईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. खबरी साध्याच असत. मुलाची, मोहितची, ड्युटी बदलली, सूनबाईनं नवा कुकर आणला, गुडघा आज कालच्यापेक्षा बरा आहे. हे सगळं ओठातल्या ओठात, कारण सकाळी बांधावर शंभर माणसं फिरतात आणि भिलाईत कुणाच्या डोक्याबद्दल एकदा बोललं गेलं की ते बोलणं सगळे सेक्टर फिरून दुर्गच्या बाजारात भाजी घेऊन परत येतं. आज सांगायचं होतं ते असं की जांभळं या वर्षी लवकर धरली आहेत. पण फुलीवर हात कुठं ठेवायचा हेच त्याला कळेना. फुलीच्या वर ठेवावा तर हात अवघडत होता, खाली ठेवावा तर आकड्यावर पडत होता. त्यानं पुढं बघितलं. करंजावर अठरा, कडुनिंबावर एकोणीस. बत्तीसच्या बत्तीस झाडांना फुल्या होत्या, आणि बत्तीसच्या बत्तीस झाडांवर माणसांच्या नावांच्या पत्र्याच्या पाट्याही होत्या. क्षणभर त्याला वाटलं, फुल्या झाडांवर नाहीत, नावांवरच मारल्या आहेत.

बांध मातीचा, जुना, दयारामपेक्षा दोन वर्षांनी मोठा. एका बाजूला पाणी आणि पाण्याला टेकलेले दगड, दुसऱ्या बाजूला गवताचा उतार, मधे पाऊण किलोमीटर लांबीची माथ्यावरची वाट. या वाटेवर स्मृति नगर आणि हुडको या वसाहतींतली निवृत्त मंडळी सकाळी हात हलवत चालतात, मोठमोठ्यानं हसण्याचा व्यायाम करतात, रविवारी नातवंडांना बदकाच्या आकाराच्या पॅडल बोटीत बसवतात आणि मग रत्नमालाच्या टपरीवर भजी खाऊन व्यायामाचा हिशेब बरोबर करतात. दयारामला हा बांध आवडायचा तो त्याच्या आळसासाठी. छत्तीस वर्षं प्लांटच्या पंप हाऊसमध्ये काढल्यावर, रात्रंदिवस पाणी ढकलणाऱ्या मशिनींच्या सोबतीनं कान अर्धे गमावल्यावर, नुसतं पडून असलेलं पाणी बघणं ही त्याला चैन वाटायची. आणि आपण या पाण्याचे थोडे जास्त मालक आहोत असंही त्याला मनातून वाटायचं. तो कोहळी. कोहळी म्हणजे भंडाऱ्याकडचे तलाव बांधणारे लोक. साकोलीच्या पुढं त्याच्या गावचा तलाव त्याच्या आज्याच्या आज्यानं बांधला, असं घरात सांगत. बाकीच्यांच्या घरात तलवारी असतात, आमच्या घरात तलाव आहे, असं तो दोन घोट चहानंतर म्हणायचा. मंडळी हसायची आणि तरी थोडं मानायची.

"पाह्यलं का?" मागून नत्थू आला तो ओरडतच. नत्थू रेल्वेतला, मालगाडीचा गार्ड होता. निवृत्त झाला तरी त्याचा आवाज अजून शेवटच्या डब्यापासून इंजिनापर्यंत पोचेल असाच. "माह्या बाप्पाच्या नीमावर फुली! जित्या माणसाले नोटीस देते, मेल्याले फुली मारून राहिले का हे? मी सांगतो, सही मोहीम काढू. पयली सही तुही."

"माही कावून?"

"तूनंच तं लावले ना बे झाडं. तू मोहिमेचा अध्यक्ष. रविवारी सभेत तू बोलशीन."

दयाराम हो म्हणाला. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता, कारण नत्थू खरं बोलत होता. झाडं त्यानंच लावली होती. म्हणजे पहिलं झाड त्यानं लावलं आणि बाकीची एकतीस त्याच्या तोंडानं लावली. दोन दिवसांच्या तापात अंजना गेली, तेरवी झाली, पाहुणे पांगले. मग सकाळी फिरायला बाहेर पडणारा दयाराम बांधाच्या सुरुवातीला थांबला आणि त्याला पाऊल पुढं टाकता येईना. अंजनाला चालायचा मनस्वी कंटाळा. ती त्याच्याबरोबर बांधावर यायची, पण टपरीच्या बाकड्यावर बसून राहायची. म्हणायची, "तुमी दोन फेऱ्या मारा, एक तुमची, एक माही. मी इथी बसून मोजते." आणि खरंच मोजायची, तो अर्ध्यातूनच वळला तर भज्याचा घास खाली ठेवून लांबून हात हलवायची की ही धरली नाही. मोजणारं कुणी नसेल तर माणूस फेऱ्या कशाला मारेल? म्हणून त्यानं जांभळाचं रोप आणलं. जांभळांची तिला फार हाव. जांभळाच्या दिवसांत तिची जीभ निळी आणि पदराला डाग, आणि विचारलं तर म्हणायची, एकच तर खाल्लं. मंडळीनं विचारलं, हे काय? तेव्हा तो छाती काढून म्हणाला की आमच्याकडे अशीच रीत आहे. तलावाच्या पाळीवर आपल्या माणसाच्या नावानं झाड लावतात. माझ्या आज्यानं आजीच्या नावानं आंबा लावला होता, पाळीवरच. त्याच्या सावलीत मी वाढलो. झाडं पाळ घट्ट धरतात. हे शेवटचं वाक्य त्यानं कुणाचं ऐकलं होतं की तिथंच तयार केलं होतं, हे आता त्याला आठवत नव्हतं. पण तलाववाल्या माणसानं सांगितलं म्हटल्यावर सगळ्यांना पटलं. पुढच्या रविवारी नत्थूनं बापाच्या नावानं कडुनिंब लावला, मग कुणी आईच्या, कुणी भावाच्या, एकीनं तर कुत्र्याच्या नावानं. पाटीवर मोती लिहिलेला गुलमोहर अजून आहे. त्याच्यावर तेवीस नंबर पडला होता.

फुल्या मारणारी मुलगी त्याला त्याच सकाळी बांधाच्या दुसऱ्या टोकाला भेटली. पाटबंधारे विभागाची इंजिनिअर, नाव उत्कर्षा, डोक्यावर टोपी, पायात चिखलाचे बूट, हातात रंगाचा डबा. दयारामला तिच्यावर चिडायचं होतं आणि त्यासाठी त्यानं चालता चालता दोन-तीन चांगली हिंदी वाक्यंही जुळवली होती. पण तिनं त्याच्या पिवळ्या हाताकडे बघितलं आणि हसूच दाबलं. "काका, ओला होता ना? रॉकेलनं निंघते." मराठी ऐकून त्याची जुळवलेली वाक्यं वाया गेली. दुर्गच्या रेल्वे कॉलनीतली पोर, बाप लोको पायलट, मूळ काटोलकडचे. घरीच मराठी बोलते, म्हणाली, बाहेर कोणी बोलणारं भेटतच नाही. मग तिनं ऑफिसातल्यासारखं समजावून सांगितलं. मातीच्या बांधावर गवत चालतं, झाड नाही. मूळ पाण्याच्या शोधात आत जातं. मूळ मोठं झालं की माती फोडतं, वाळलं की पोकळी ठेवतं, आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. एकदा वाट सापडली की पाणी मातीही बरोबर नेतं. "पावसाळ्याच्या आधी झाडं मुळासकट काढून भराव केला तं बांध चालू राहीन. नाहीतर पाणी उतरवून बांध लोकाईसाठी बंद. वरून लेखी आलंय, काका. खाली बस्ती हाये."

"पोरी," दयाराम म्हणाला, आणि हा शब्द त्यानं बराच मोठा करून म्हटला, "आमी तलावाचे लोक हाओत. तुमचा विभाग नव्हता तेव्हापासून आमी पाळी बांधतो. आमच्या गावच्या पाळीवर आंबा होता, साठ वर्षं. पाळ अजून उभी हाये."

उत्कर्षानं वाद घातला नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि अगदी खरोखरच्या उत्सुकतेनं विचारलं, "पाळीवर कोठी होता, काका? मधात का कडेले?"

साधा प्रश्न होता. दयारामनं तोंड उघडलं, आणि आंबा कुठं होता ते त्याला दिसेना. आंबा दिसत होता, त्याचा काळा बुंधा, खोडाच्या बेचक्यात आजीच्या नावानं चिकटवलेलं कुंकू, खाली वाळक्या पानांचा आवाज. पाळही दिसत होती, उन्हात तापलेली, दोन्ही बाजूंनी उतरत गेलेली. पण दोन्ही एकदम दिसत नव्हती. पाळ दिसली की आंबा जायचा, आंबा आला की पाळ. "मधातच," तो म्हणाला, पण आवाज त्याच्याच अर्ध्या गेलेल्या कानांना पातळ लागला. परतताना त्यानं जांभळाकडे बघायचं टाळलं. बायकोपासून काहीतरी लपवल्यासारखं वाटलं त्याला, आणि लग्नाच्या बत्तीस वर्षांत लपवलेलं एकही तिच्यापासून लपलं नव्हतं, हेही आठवलं.

टपरीवर नत्थू सह्यांचे कागद आखत बसला होता. पहिली ओळ रिकामी ठेवून त्यानं दुसऱ्या ओळीवर आपली सही केली होती, रेल्वेच्या रजिस्टरात करायचा तशी, तिरपी आणि घाईची. रत्नमालानं भजी समोर ठेवली. टपरी बांधाच्या पायथ्याशी, तिचं घर टपरीच्या मागं; गोंदियाकडची बाई, नवरा गेल्यावर याच टपरीवर तिनं दोन पोरी उजवल्या. तिच्या हाताची पुदिन्याची चटणी बांधावर प्रसिद्ध होती. दयारामनं भजं चटणीत बुडवलं, तोंडात टाकलं आणि नेहमीसारखं बरं वाटायला लागलं. मग कौतुक करायचं म्हणून त्यानं विचारलं, "मे महिन्यात इतका ताजा पुदिना कुठून आणतेस बाई? बाजारात तं वाळून चाललाय."

"बाजार काहाले?" रत्नमाला कढईतून मान वर न काढता म्हणाली. "मागं हाये ना माह्या घरी. तीन-चार वर्षं झाले, पानीच नाही द्या लागत त्याले. उन्हाळ्यात तं आणखी माजते. तुमचं जांभूळ हाये ना वरतं, बस त्याच्याच खालतं. अंजनाबाईची किरपा म्हना."

दयारामचा घास तोंडातच थांबला. पंप हाऊसमध्ये छत्तीस वर्षं त्याचं एकच काम होतं: जिथं पाणी नसायला पाहिजे तिथं पाणी दिसलं की घाबरायचं. जमिनीवर एवढासा डाग दिसला तरी तो वाकून बोट लावायचा. मेच्या शेवटी भिलाईत दगड फुटतात अशा उन्हात कुणी न घालता पाणी, तेही चार वर्षं, आणि चार वर्षं तो ते चाटून खात होता! त्याला हसू आलं आणि भीतीही. दोन्ही एकदम कसं येऊ शकतं याचं त्याला नवल वाटलं. तो उठून टपरीच्या मागं गेला. पुदिना खरंच माजला होता, हिरवागार, गुडघ्याला लागेल असा. त्यानं मधली झाडं बाजूला केली आणि हातानं वीतभर खड्डा केला. खड्डा हळूहळू भरला. खणताना गढूळलेलं पाणी त्यानं दोनदा उपसून टाकलं आणि पुन्हा भरू दिलं. त्यानं रत्नमालाकडून काचेचा ग्लास मागून घेतला, पाणी भरलं, बाकड्यावर ठेवलं आणि समोर बसून राहिला. नत्थू म्हणाला, "आता पानीही पेनार का या गड्ड्यातलं?" पंपाच्या बेअरिंगमधून गळणारं पाणी ते असंच ठेवायचे. निवळ निघालं तर निजायला हरकत नाही, तळाशी काही बसलं तर फोरमनला उठवायचं. पंधरा मिनिटं गेली. दयाराम मनात म्हणत होता, अंजना, निवळ निघू दे. ग्लासाच्या तळाशी पिवळट मातीचा नखाएवढा थर बसला. बारीक, मऊ, बांधाच्या आतली माती. वर, उताराच्या माथ्यावर, जांभळाची पानं वाऱ्यानं हलत होती आणि कच्ची जांभळं घोसांनी लोंबत होती. इतकी चांगली धरली होती ती, आणि आता त्याला कारण कळलं होतं.

दुपारी तो पलंगावर पडला पण झोप आली नाही. कूलरची घरघर ऐकत तो आंबा शोधत राहिला. माणसाचं डोकं मोठं चलाख. मागितलेलं देत नाही, न मागितलेलं आणून ठेवतं. त्याला आज्याचा हात आठवला, खरखरीत, आणि त्या हातातला गुळाचा खडा. गूळ का मिळायचा? काहीतरी केल्याबद्दल मिळायचा. सकाळी पाळीवर आज्याच्या मागं मागं जायचं, वाकायचं, उठायचं, वाकायचं, आणि टोकाला पोचलं की गूळ. तळहाताला कसला तरी हिरवा, कडू वास. गुळाची चव जिभेवर अजून जशीच्या तशी होती; कशाबद्दलचा गूळ ते मात्र पुसलं गेलं होतं. शेवटी त्यानं फोन उचलला आणि गावी थोरल्या बहिणीला लावला. सिंधुताईला ब्याऐंशी वर्षं होती, डोळे गेले होते, आठवण शाबूत होती, आणि फोनवर ती गावाहून थेट हाक मारल्यासारखी बोलायची.

"बाई, आजीच्या नावाचा आंबा. पाळीवर होता ना आपल्या?"

"पाळीवर?" सिंधुताई इतकी मोठ्यानं हसली की त्यानं फोन कानापासून लांब धरला. "बह्याड झाला का तू, दया? आजा पाळीवर झाड लावू देईन? पाळ सरते तेथी टेकर हाये ना, त्या टेकरावर होता आंबा. पक्क्या जमिनीत. पाळीवर तं बोटभर रोप दिसलं का आजा उपटाले लावे तुले. पळस, बोर, काय निंघन ते. एका रोपाले एक खडा गूळ. इसरला? गुळासाठी तं तू टेकरावरचेही उपटत होता, आन् पाळीवरचे हायेत म्हनून सांगत होता. मार खाल्ला हाये तूनं त्यापाई!"

फोन ठेवल्यावर पाळ आणि आंबा एकदम दिसले. पाळ उन्हात संपत होती, तिथून जमीन हलकीच चढत होती, आणि आंबा त्या चढावर उभा होता. गुळासाठी पळत सुटलेल्या सहा वर्षांच्या पोराला पाळ कुठं संपली ते काय कळणार! सगळी वाट त्याला पाळच वाटली असणार. आणि तळहाताला वास होता तो उपटलेल्या पळसाचा. ज्या घरानं शंभर वर्षं पाळीवरची झाडं उपटली, त्या घरच्या माणसानं पाळीवर बत्तीस झाडं लावली, वर रीत म्हणून सांगितली. दयारामला लाज वाटली, खरीखुरी, कान तापेपर्यंत. पण लाजेच्या खाली दुसरं काही होतं आणि ते जास्त वाईट होतं. झाड गेलं तर मी बोलू कुठं? घरी बोलता येत नाही. घरी तिचा फोटो आहे, पण फोटोत ती कधी नव्हे ती गंभीर. स्टुडिओवाल्यानं हसू नका म्हटलं होतं. त्या बाईशी त्याची ओळखच नव्हती. झाडाशी बोलताना ती खरी असायची, आळशी, खादाड, फेऱ्या मोजणारी. अकरा वर्षांत एकही सकाळ चुकली नव्हती. झाड कापू द्यायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवायचं, आणि या वेळी आपल्या तोंडानं हो म्हणून. त्यानं उशीत तोंड खुपसलं. सूनबाई नीतू चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बाबूजी, हाथ में हल्दी लगी है क्या?" हाताचा पिवळा रंग अजून गेला नव्हता.

रविवारी बोटींच्या तिकीट खिडकीच्या शेडखाली सगळे जमले. नत्थूनं एकशे चौदा सह्या गोळा केल्या होत्या. वरची ओळ रिकामीच होती. उत्कर्षाही आली होती, कोपऱ्यात उभी, शिव्या खायच्या तयारीनं. दयारामनं पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. बोलायचं त्यानं ठरवून आणलं होतं, त्यातलं काहीच तोंडी आलं नाही. "झाडं लावाची अक्कल माही होती," तो म्हणाला. "ते चुकली. आमच्या गावी पाळीवर झाड नव्हतं. टेकरावर होतं. मी लहान होतो, मले पाळ कुठी सरली ते समजलं नाही." लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यानं त्यांना रत्नमालाच्या घरामागं नेलं, पुदिना दाखवला, ग्लास भरला, आणि सगळ्यांना तो ग्लास बघत उन्हात उभं केलं. निवृत्त माणसांना पंधरा मिनिटांचं काय. पण इतकी गप्प ती मंडळी हसण्याच्या व्यायामानंतरसुद्धा कधी झाली नव्हती. माती बसली. रत्नमाला म्हणाली, "म्हंजे मी चार वर्षं तुमाले बांध वाटून खाऊ घालून राहिली का?" त्यावर सगळे हसले. नत्थू हसला नाही.

"मंग माह्या बाप्पाचं काय?" तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच पुढच्या डब्यापर्यंतही गेला नाही. "गावचं घर इकलं, शेत गेलं. बाप्पाचं माह्याजवळ तेवढंच नीम होतं. तूनं सांगतलं म्हून लावलं मी."

"हो," दयाराम म्हणाला. "मीनं सांगतलं. माफी माग म्हनशीन तं मागतो."

नत्थूनं कागद घडी करून खिशात घातले आणि निघून गेला. चार दिवस तो बांधावर आला नाही. दयाराम एकटाच फेऱ्या मारत राहिला. जांभळाशी त्या दिवसांत तो काय बोलला असेल? काहीच नाही. हात ठेवायचा आणि उभा राहायचा. तिला सांगायचं होतं ते तिच्याच झाडाखाली उभं राहून सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कापणी सुरू झाली. जांभळं पुरती पिकली नव्हती, लाल-जांभळी, तुरट. पोरांनी तीही सोडली नाहीत. करवत चालली तेव्हा दयाराम तिथंच उभा होता. बुंधा गेला, मग मजूर मुळं खणायला लागले, आणि एक मूळ मनगटाएवढं सरळ पाण्याच्या दिशेनं गेलेलं निघालं. दुसरं उलट्या बाजूला, उताराखाली, पुदिन्याकडे. त्याच्या कडेनं माती सुटली होती. उत्कर्षानं त्या फटीत लोखंडी सळई घातली. ती हातभर आत गेली, कुठं न अडता. "काका, बघता का?" तिनं विचारलं. दयारामनं गुडघे टेकले आणि हात आत घातला. आत गार होतं, ओलं, आणि बोटांच्या टोकाला माती हळूच सुटत होती. खाली रत्नमालाची टपरी दिसत होती, तिच्या मागं बस्तीचे पत्रे, दोरीवरचे कपडे. त्यानं हात बाहेर काढला. दुःख त्याला नंतर झालं. आधी नुसतं हुश्श झालं.

खड्ड्यात मुरमाची नि चिकणमातीची भर वीत-वीत थरानं टाकायची होती आणि प्रत्येक थर दाबायचा होता. रोलर उतारावर येईना. माती ठोकायचे दुरमुस होते दोनच, आणि आभाळ दक्षिणेकडून भरून यायला लागलं होतं. तेव्हा दयाराम म्हणाला, "आमच्याकडे पायानं दाबत. पन्नास लोक तुडवत. हे मात्र मले पक्कं आठवते, कारण तुडवाले गूळ नव्हता भेटत." उत्कर्षा हसली. म्हणाली, दुरमुसाच्या जोडीला चालेल, काका, पण पाणी मारून आणि नीट. दुसऱ्या दिवशी सकाळी हसण्याचा व्यायाम रद्द झाला आणि मंडळी चपला काढून ओळीनं खड्ड्यांत उतरली. ट्रॅकसूट पोटऱ्यांपर्यंत गुंडाळलेले, साड्या खोचलेल्या. सर्वांत शेवटी नत्थू आला. कुणाकडे न बघता तो सतरा नंबरच्या खड्ड्यात उतरला, दयारामच्या शेजारी, आणि तुडवायला लागला.

दयाराम कडेकडेनं पाय टाकत होता. मधे पाय पडू नये म्हणून तो नकळत अंग चोरत होता, घरात कुणी निजलं असताना चालावं तसा.

"नवरीवानी कावून नाचून राहिला?" नत्थू म्हणाला. रविवारनंतरचं त्याचं पहिलं वाक्य. "पाय दाब ना, लेका. मधात पोकळ राहीन."

मधे पोकळ राहील. दयारामनं उजवा पाय उचलला आणि मधोमध टाकला, मग डावा, सगळं वजन देऊन. माती पायाखाली दबली, बोटांतून वर आली, पुन्हा दबली. एक थर झाला, दुसरा पडला. गुडघा ठणकत होता. घाम डोळ्यांत जात होता. तिसऱ्या थराला सगळ्यांची पावलं आपोआप एका ठेक्यात पडायला लागली आणि दयारामला धापा टाकत बरं वाटायला लागलं, इतकं की त्याला सुचेल ते तो बोलत सुटला. आंबा टेकरावर होता बरं का, पाळीवर नव्हताच. सिंधुताईले फोन केला तं हासून हासून बेजार. पुदिना बांधाच्या पान्यावरचा निंघाला, अन् मी त्याच चटनीले म्हनत होतो, रत्नमालाच्या हाताले चव हाये. जांभळं आंबटच राहिली या वर्षी. नीतूले म्हनलं, हळद नोहे ते, फुली हाये. अन् आता तुह्या डोक्यावर नाचून राहिलो मी, पाय धुवून नाही आलो, तेवढं माफ कर.

"कोनाशी बोलून राहिला बे?" नत्थूनं विचारलं.

दयाराम थांबला. आजूबाजूच्या खड्ड्यांतले लोक त्याच्याकडे बघत होते; म्हणजे तो चांगला मोठ्यानं बोलत होता, आणि बराच वेळ. त्याचा हात सवयीनं वर उचललेला होता, बुंधा असायचा त्या उंचीला, आणि हाताखाली काहीच नव्हतं, नुसती सकाळ. बोलणं तरी कुठं थांबलं नव्हतं. आतमधे तर पुढचं वाक्य तयारच होतं.

"आमच्या अंजनाशी," तो म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला, आणि त्याला लाज वाटली नाही.

नत्थूनं पायानं माती सारखी केली. "मंग माह्या बाप्पालेही सांग ना," तो हळूच म्हणाला. "नीम गेला म्हना. पन पोरगा बरा हाये."

"मी कावून सांगू? बाप तुहा हाये. तूच सांग."

नत्थूनं इकडं तिकडं बघितलं. दुपट्ट्यानं तोंड पुसलं, घसा खाकरला, पाण्याकडे तोंड केलं, आणि लांबच्या, खराब लाइनच्या फोनवर बोलावं तसा सगळ्या बांधाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "बाप्पा! मी नत्थू बोलून राहिलो!"

पलीकडे तेवीस नंबरच्या खड्ड्यातून मोतीला हाक गेली. उत्कर्षानं मजुरांना पुढची टोपली टाकायला सांगितली.